पाळीव सापाची अडकलेली कात काढताना या चुका टाळा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडली की बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे विदेशी, बिनविषारी साप पाळणाऱ्यांच्या घरी एकच प्रश्न उभा राहतो. एरवी तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड उतरणारी कात या वेळी तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि काही भाग अंगाला चिकटून राहिला, आता काय करायचे? मुंबईसारख्या दमट शहरातही दिवसरात्र एसी चालू असलेल्या खोलीत हेच घडते, आणि थंड देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना हिवाळ्यातल्या हीटरमुळे तोच अनुभव येतो. अशा वेळी हात शिवशिवतात. कातीचे सुटलेले टोक समोर दिसत असते आणि ते धरून हलकेच ओढले तर काय बिघडेल, असे वाटते. बऱ्याचशा इजा नेमक्या याच क्षणी होतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हा लेख कायदेशीर नोंदणी असलेल्या विदेशी सापांपुरता आहे. नाग, धामण, अजगर असे आपले देशी साप घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, साईट्स कराराच्या (धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) यादीतील प्राण्यांची नोंदणीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. अंगणात आलेल्या सापाच्या अंगावर कातीचे तुकडे लोंबताना दिसले, तरी त्याला पकडून मदत करण्याच्या फंदात पडू नये.

घाई ही पहिली चूक

कात टाकण्यापूर्वी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साचतो. त्यामुळे सापाचा रंग फिका पडतो, डोळे दुधाळ निळसर होतात आणि बॉल पायथनचे पोट गुलाबी दिसू लागते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर आणखी काही दिवसांनी कात उतरते. नवखा पाळणारा नेमका या मधल्या काळात गोंधळतो: डोळे निवळले, तरी कात आली नाही, म्हणजे ती अडकली असणार, असे समजून तो सापाला पाण्यात बसवतो किंवा घासू लागतो. प्रत्यक्षात तिथे अजून काहीच अडकलेले नसते. नवी त्वचा तयार होण्यापूर्वी जुनी ओढली, तर खालचे खवले सोलवटतात आणि त्या जखमेतून संसर्ग होतो. शिवाय या काळात सापाला नीट दिसत नाही आणि त्याची त्वचा नाजूक झालेली असते, त्यामुळे एरवी शांत असलेला सापही फुत्कारतो किंवा चावायला धावतो. दुधाळ डोळे दिसले की हाताळणे थांबवावे, साप खात नसेल तर आग्रह करू नये आणि पेटीतला दमटपणा वाढवावा. कात उतरायला सुरुवात होऊन ती अर्धवट राहिली आणि दिवसभरात पुढे सरकली नाही, तरच ती अडकली असे म्हणावे.

कोरडी कात ओढू नका, आणि सापाला बुडवूही नका

कोरडी कात कागदासारखी असते आणि जिथे चिकटली आहे तिथे ती खवल्यांसकट ओढली जाते. भिजल्यावर तीच कात मऊ पडून सुटू लागते, म्हणून पाणी हाच यावरचा पहिला उपाय आहे. मात्र पाण्याचा वापरही पुष्कळदा चुकतो. आपल्याला अंघोळीला बरे वाटणारे पाणी सापाला भाजून काढू शकते. त्याच्यासाठी २८ ते ३० अंश सेल्सिअस पुरेसे असते, आणि ते पाणी आपल्या मनगटाला किंचित गारच लागते. पाण्याची खोली सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नसावी. थकलेला किंवा घाबरलेला साप बुडू शकतो, म्हणून त्याला पाण्यात ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये.

मला स्वतःला पाण्यात बसवण्यापेक्षा ओल्या टॉवेलची पद्धत जास्त पसंत आहे, कारण बॉल पायथन पाण्यात बिथरतो. हवेसाठी भोके पाडलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती टॉवेल सैलसर ठेवावा, त्यात सापाला सोडावे आणि वीस ते तीस मिनिटे डबा उबदार जागी, परंतु उन्हात नव्हे, ठेवावा. त्यानंतर टॉवेलची घडी हातात सैल धरून सापाला तिच्यातून पुढे सरकू द्यावे. साप आपल्या गतीने पुढे जातो आणि मऊ पडलेली कात मोजा उलटा निघावा तशी घडीत मागे जमा होत जाते. इथे आपला हात ओढत नाही. जंगलात खडक किंवा खोड जे काम करते, तेवढेच तो करतो. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे असावी. एका वेळी निघाले नाही, तर सापाला परत पेटीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा.

खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा हळदीचा लेप लावू नये. कात पाण्याने मऊ होते, आणि तेलाच्या थरामुळे ते पाणी आत पोहोचतच नाही.

डोळ्यावरचा पापुद्रा

सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि दर कातीबरोबर त्याचा वरचा थर उतरतो. हा थर राहून गेला की डोळा निस्तेज, सुरकुतलेला दिसतो. मात्र शरीरात पाणी कमी पडले, तरी बॉल पायथनच्या डोळ्यावर खळगा पडतो आणि तिथे पापुद्रा अडकलेलाच नसतो. म्हणून आधी उतरलेली कात पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात पाहावी. डोक्याच्या भागात बाजरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या, काचेसारख्या स्वच्छ अशा दोन गोल टोप्या दिसल्या, तर डोळे मोकळे झाले आहेत. एकच दिसली किंवा त्या जागी भोक असले, तर शंका घ्यावी.

शंका आली तरीही चिमटा, नख किंवा चिकटपट्टी वापरू नये. चिमट्याच्या टोकात अडकलेला पापुद्रा येतो की त्याखालचा जिवंत खवला, हे उघड्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि खवला निघाला तर तो डोळा कायमचा जाऊ शकतो. दमटपणा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहिली, तर बहुधा जुना पापुद्रा तिच्याबरोबर निघून जातो. सलग दोन कातींनंतरही तो राहिला, किंवा डोळा सुजला, तर डॉक्टरांकडे जावे.

शेपटीचे टोक

डोळ्यांबाबत घाई होते, तर शेपटीबाबत उलट दिरंगाई होते. शेपटीच्या टोकाला राहिलेले कातीचे बारीक कडे अगदी क्षुल्लक वाटते. पण पुढच्या कातीत त्यावर आणखी एक कडे चढते, ते सुकून आवळते आणि टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. माझ्याकडे पाहायला आणलेल्या एका कॉर्न स्नेकच्या शेपटीवर अशी तीन कडी एकावर एक बसलेली होती, आणि त्यापुढचे सेंटिमीटरभर टोक काळे, कडक, वाळलेल्या देठासारखे झाले होते. ते वाचवता आले नाही. तो साप पाळणाऱ्या मुलाने त्याची मनापासून काळजी घेतली होती. शेपटीच्या टोकाकडे पाहायचे असते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणून उतरलेल्या कातीत शेपटीचे बंद टोक आहे ना, हे दर वेळी तपासावे. नसेल, तर टोक वीस मिनिटे ओल्या कापडात गुंडाळून ठेवावे आणि भिजवलेल्या कापसाच्या काडीने कडे शेपटीच्या टोकाकडे हलके लोटत न्यावे. टोक काळे पडले असेल, तर घरी काहीच करू नये.

हाताळताना

खाऊ घातल्यानंतर ४८ तास सापाला उचलू नये, कारण तो खाल्लेले बाहेर टाकू शकतो. डोके दाबून धरू नये. अंगाच्या मध्यभागी एक हात आणि मागच्या भागाखाली दुसरा, असा दोन ठिकाणी आधार द्यावा. सापाच्या अंगावर साल्मोनेला हे माणसाचे पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात. त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नये, पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

पुढच्या वेळी कात अडकू नये म्हणून

सापाला भिजवून कात काढली आणि पेटी तशीच कोरडी ठेवली, तर पुढच्या कातीला हाच त्रास पुन्हा होतो. बॉल पायथनला एरवी साठ टक्क्यांच्या आसपास आणि कातीच्या काळात सत्तरपर्यंत आर्द्रता लागते. कॉर्न स्नेकला चाळीस ते साठ टक्के पुरते. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे उपकरण) पेटीच्या वरच्या काचेवर न चिकटवता साप जिथे लपतो त्या उंचीवर ठेवावा, कारण दिव्याजवळचा आकडा आणि तळाचा आकडा यांत मोठा फरक पडतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे झाकणाच्या डब्याला दार कापून, ऑर्किडसाठी नर्सरीत मिळणारे स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे एक प्रकारचे शेवाळ) ओले करून त्यात भरावे. साप आपणहून तिथे जाऊन बसतो. उलट, सगळी पेटीच पाण्याने भिजवत राहिले, तर पोटाखालचे खवले कुजू लागतात. अंग घासायला एखादा खडबडीत दगड किंवा फांदीही हवी.

दमटपणा योग्य असूनही कात वारंवार अडकत असेल, तर गोचिडीसारखे बारीक माइट्स, जुनी जखम, भाजल्याचा व्रण, कुपोषण किंवा संसर्ग यांचा शोध घ्यावा. माइट्स असतील, तर सापाला पांढऱ्या टिश्यूपेपरवर ठेवल्यावर काळे ठिपके हलताना दिसतात. पाण्याच्या भांड्यातही ते बुडालेले आढळतात. प्रत्येक पशुवैद्य साप तपासत नाही, म्हणून तपासणारे डॉक्टर आधीच शोधून ठेवावेत. त्यांच्याकडे जाताना उतरलेल्या कातीचे सगळे तुकडे पिशवीत घालून न्यावेत आणि पेटीच्या तापमानाचे व आर्द्रतेचे गेल्या आठवड्याचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत, कारण साप समोर असला तरी डॉक्टर पहिल्यांदा त्या आकड्यांबद्दलच विचारतात.