उघड्या समुद्रकिनाऱ्यावरील नव्या घरासाठी स्लेटचे छप्पर

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकवरून येणारा वारा अडवायला काहीही नसते. अशा जागी नव्या घरासाठी नैसर्गिक स्लेट निवडली, तर दगडाच्या आयुष्याची फारशी चिंता करावी लागत नाही, कारण उत्तम स्लेट शंभर वर्षे सहज टिकते. छप्पर जाते ते बहुधा गंजलेल्या खिळ्यांमुळे, कमी पडलेल्या चढामुळे (चढ म्हणजे एक पाटी दुसरीवर जेवढी चढते ते अंतर) आणि हयगयीने बांधलेल्या कडांमुळे. म्हणून पैसा आणि देखरेख या तिन्हींवर सढळपणे खर्च करावी.

दगड मात्र पारखून घ्यावाच. कॉर्नवॉलमधील डेलाबोलची खाण जवळ आहे, वेल्समधील पेनऱ्हिनची स्लेटही नावाजलेली आहे, आणि ब्रिटनच्या बाजारात स्पेनची स्लेटही मोठ्या प्रमाणावर येते. खाणीचे नाव ऐकून थांबू नये. ईएन १२३२६ या युरोपीय मानकानुसार केलेला चाचणी अहवाल मागावा. त्यात पाणी शोषण्याचे प्रमाण ०.६ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि ओले-सुके होण्याच्या चाचणीत टी १ हा दर्जा असावा. टी ३ दर्जाच्या स्लेटमधील लोहखनिज गंजत आत शिरते आणि कालांतराने तिथे भोक पडू शकते. माल उतरल्यावर प्रत्येक पाटी बोटांवर तोलून टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ठेवावी, बद्द आवाज आला तर बाजूला काढावी. त्यानंतर जाड, मध्यम आणि पातळ असे तीन ढीग करून जाड पाट्या वळचणीकडे आणि पातळ पाट्या आढ्याकडे लावाव्यात.

मंगलोरी कौलांना खाचा असतात आणि ती एकमेकांत अडकतात. स्लेट सपाट असते, त्यामुळे पाणी अडते ते केवळ एकावर एक चढलेल्या पाट्यांमुळे. प्रत्येक पाटी तिच्या खालच्या दुसऱ्या ओळीतील पाटीच्या वरच्या टोकावर जेवढी चढते, त्या अंतरावर, म्हणजे चढावर, सारे छप्पर अवलंबून असते. ब्रिटिश पद्धतीत वाऱ्यासह येणारा पाऊस एका झडीत दर चौरस मीटरला ५६.५ लिटर किंवा त्याहून अधिक असेल, तर ती जागा तीव्र माऱ्याची मानतात आणि उतार जितका कमी तितका चढ अधिक ठेवतात. हल्लीच्या घरांत सपाटीकडे झुकलेले उतार आवडीने काढले जातात. किनाऱ्यावर तो हट्ट सोडलेला बरा.

हिशोब सोपा आहे. ५०० मि.मी. लांबीची पाटी आणि १०० मि.मी. चढ धरला, तर उरलेल्या ४०० मि.मी.ची निम्मी, म्हणजे २०० मि.मी., हे दोन रिपांमधील अंतर झाले. पाटी २५० मि.मी. रुंद असेल तर एका चौरस मीटरला २० पाट्या लागतात. खिळ्याची भोके खालच्या कडेपासून ३१० मि.मी.वर पाडावीत: २०० अधिक १००, आणि खालच्या पाटीचे डोके चुकवण्यासाठी १० मि.मी. भोक पाटीच्या मागील अंगाने पाडावे. मग पुढच्या बाजूला कपचा उडून खोलगट जागा होते आणि खिळ्याचे डोके त्यात बसते. खिळे वरच्या टोकाला न मारता असे मधोमध मारले की वाऱ्याला पाटी उचकटायला तरफ कमी मिळते.

खिळे तांब्याचे किंवा सिलिकॉन ब्राँझचे घ्यावेत. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे खाऱ्या हवेत गंजतात, आणि ॲल्युमिनियमचेही इथे टाळावेत. रिपा वाशांना ठोकण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावेत. पाटीची खालची कड धरणारे आकडे लावायचे असतील तर ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. खिळा ठोकताना पाटी नुसती टेकेल एवढाच ठोकावा. घट्ट ठोकला तर पाटी तडकते, सैल राहिला तर वादळी रात्री खडखडते.

वाऱ्याचे शोषण सर्वाधिक असते ते आढ्यावर, कोपऱ्यांत आणि त्रिकोणी भिंतींच्या कडांवर. तिथे नुसत्या चुन्या-सिमेंटवर विसंबू नये. ब्रिटनच्या बीएस ५५३४ या मानकाने २०१४ पासून आढ्याचे तुकडे स्क्रूने किंवा पट्टीने यांत्रिकरीत्या बांधणे आवश्यक ठरवले आहे. कडेला अर्धी पाटी लावण्यापेक्षा दीडपट रुंदीची पाटी वापरावी, कारण अरुंद तुकड्याला दोन खिळे नीट बसत नाहीत. धुराड्याभोवतीचा शिशाचा पत्रा दीड मीटरपेक्षा लांब घेऊ नये. उन्हाने प्रसरण पावून तो फाटतो.

सौर पॅनेल लावायचे असतील तर त्यांचे आधार पाट्या घालण्यापूर्वीच वाशांना पक्के करावेत आणि प्रत्येक आधाराखाली शिशाचा पत्रा घालावा. आधाराचा भार पाटीवर येता कामा नये. पाट्यांखाली बाष्प बाहेर सोडणारे अस्तर आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत हवा खेळण्याची वाट, हेही नकाशातच ठरलेले असावे.

त्याच खाणीतील काही पाट्या राखून ठेवाव्यात. एखादी फुटली तर आकडी असलेले चपटे पाते तिच्याखाली सरकवून खिळे तोडतात आणि खालच्या दोन पाट्यांच्या फटीतून तांब्याची पट्टी रिपेला ठोकतात. मग नवी पाटी वर सरकवून पट्टीचे टोक तिच्या खालच्या कडेवर वळवतात. किनाऱ्यावर हे टोक दुहेरी दुमडावे, नाहीतर वारा ते सरळ करतो.