राणीच्या बागेतली सहल: आधी झाडे, मग पेंग्विन

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यानात शाळेची सहल नेताना मुलांना थेट पेंग्विन पाहायला नेऊ नये, कारण एकदा तिथे गेलेली मुले नंतर झाडांपाशी थांबत नाहीत. सकाळचा पहिला तास झाडांसाठी ठेवावा, आणि तोही पाट्या वाचत फिरण्यात न घालवता एकदोन झाडांपाशीच घालवावा.

कैलासपती त्यासाठी उत्तम. त्याची फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडातून निघालेल्या डहाळ्यांवर येतात, हे मुलांना स्वतःहून दिसेपर्यंत शिक्षकांनी गप्प राहावे (हेच सर्वांत कठीण!). खाली पडलेले ताजे फूल भिंगातून दाखवले, तर पुंकेसरांचे दोन गट स्पष्ट दिसतात: मधल्या कड्यातल्या परागांतून बीजधारणा होते, तर नागाच्या फण्यासारख्या झुकलेल्या भागातले पराग वांझ असून मधमाश्यांचे खाद्य ठरतात. फळे तोफगोळ्याएवढी जड असल्याने झाडाखाली मुलांना बसवू मात्र नये. उद्यान बुधवारी बंद असते. तारीख ठरवताना हे आधी पाहावे.