कारखान्याचं प्रॉडक्ट शूट: कोटेशनपासून पैसे हातात येईपर्यंत

‘मॅडम, एका फोटोचे किती घेता?’ पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येणारे बहुतेक फोन याच प्रश्नाने सुरू होतात. तेव्हा आकडा सांगू नका. आधी विचारा: वस्तू किती, केवढ्या, कशाच्या, फोटो कधीपर्यंत हवेत आणि ते कुठे वापरणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कोटेशन पाठवू नका. ॲमेझॉनसाठी हवे असतील तर मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. त्याच वस्तूचा फोटो मोशीच्या प्रदर्शनात स्टॉलच्या अख्ख्या भिंतीवर लागणार असेल तर लाइटिंग वेगळं, रिटचिंग (संगणकावर फोटोची साफसफाई) वेगळं आणि दरही वेगळा.

कोटेशनमध्ये एकच ठोक रक्कम लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. शूटचा दिवस, असिस्टंट, भाड्याचे लाइट, गाडीखर्च, रिटचिंग आणि वापराचा हक्क, सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. घासाघीस झाली तर मग एखादं काम कमी करता येतं. सगळ्याच कामाचा दर पाडावा लागत नाही. निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, पुढच्या फेरीचे वेगळे पैसे आणि कोटेशनची मुदत हेही त्याच कागदावर यायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याचं कलम १७ प्रत्येक फोटोग्राफरने एकदा तरी स्वतः वाचायला हवं. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काम देणारा ठरतो. ‘मी क्लिक केला म्हणजे माझा’ हा समज व्यावसायिक कामात टिकत नाही. अनेक वर्षं उत्तम काम करणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून कोटेशनमध्ये अशी ओळ टाका: ‘या छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. कंपनीला ती स्वतःची वेबसाइट व छापील कॅटलॉग यांसाठी, भारतात, ३ वर्षे वापरता येतील. होर्डिंग, जाहिरात किंवा वितरकांना देणे यासाठी वेगळी लेखी परवानगी लागेल. छायाचित्रकाराला ती आपल्या पोर्टफोलिओत दाखवता येतील.’ मुदत आणि प्रदेश आठवणीने लिहा. लिहिलं नाही तर कायदा मुदत ५ वर्षं धरतो आणि प्रदेश भारत. खाली दोघांच्या सह्या, त्याही शूटच्या आधी. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका.

मग कंपनीची पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर) येते. तिच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात बहुतेकदा ‘सर्व कामाची मालकी कंपनीची’ असं छापलेलं असतं, आणि आपली ओळ तिथेच निकालात निघू शकते. पर्चेस विभागाला मेल करा, ‘साहेब, आमच्या कोटेशनमधल्या अटी लागू राहतील असं पीओवर टाकून द्या,’ आणि सुधारित पीओ आल्याशिवाय लाइट बुक करू नका. एखाद्या कंपनीला सगळेच हक्क हवे असतील तर जरूर द्या. गिअरबॉक्सच्या फोटोला दुसरं गिऱ्हाईक सहसा मिळत नाही, त्यामुळे त्यात अडून बसण्यात अर्थ नाही. मात्र त्याची किंमत वेगळ्या ओळीत लावा.

शूटच्या दिवशी गेटवर घाई करू नका. कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप यांचे सीरियल नंबर घरूनच टाइप करून न्या, सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये चढवा आणि रिटर्नेबलचा, म्हणजे हे सामान परत बाहेर जाणार आहे असा, शिक्का घ्या. नोंद नसलेली लेन्स संध्याकाळी बाहेर काढताना फार मनस्ताप होतो. सेफ्टी शूज स्वतःचे असावेत. ओढणी घरी ठेवा. प्रेस शॉपच्या (यंत्राने पत्रा ठोकून पार्ट बनवतात त्या विभागाच्या) शेजारी जागा दिली तर फ्लॅशवरच शूट करा, कारण प्रत्येक ठोक्याला जमीन हादरते आणि लांब एक्स्पोजर हललेलं येतं. बॅटरीवर चालणारे फ्लॅश असले तर व्होल्टेजची चिंताही मिटते.

चकचकीत मशिन केलेलं स्टील ही या कामाची खरी परीक्षा. अशा पृष्ठभागावर सगळी खोलीच दिसते: छताचे पत्रे, तुमचा शर्ट, ट्रायपॉडचे पाय. त्यामुळे स्टीलला जे दिसणार आहे तेच आधी सजवायचं. मी अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपरचा रोल आणि काळा कार्डशीट आणते. पार्टच्या वर आणि दोन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपरचा तंबू करते आणि फ्लॅश बाहेरून, कागदापासून थोडा लांब ठेवते, म्हणजे उजेडाची उतरण मऊ येते. मग काळ्या कार्डाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून तंबूच्या आत दोन्ही कडांना उभ्या करायच्या. पट्टी थोडी सरकवली की पार्टच्या कडेवर एक बारीक काळी रेघ उमटते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळणारा आकार एकदम उठून येतो. ती रेघ नेमकी बसली की मला आजही तितकाच आनंद होतो.

त्याआधी पार्ट स्वच्छ हवा. स्टोअरमधून तो गंजरोधक तेल लावूनच येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा आणि नंतर फक्त सुती हातमोजे घालून हाताळा. घामाच्या बोटांचे ठसे फोटोत दिसतातच, पण पावसाळ्यात त्याच जागी गंजही धरतो. काम झालं की स्टोअरच्या काकांकडून पुन्हा तेल लावून घ्या. त्यांचा माल जपलात तर पुढच्या वेळी हवा तो पार्ट ते स्वतः शोधून देतात.

ग्रे कार्डचा (रंग अचूक जुळवण्यासाठीच्या राखाडी कार्डाचा) एक फोटो प्रत्येक सेटअपला घ्या. पिवळ्या झिंक प्लेटिंगचा रंग जरा इकडेतिकडे गेला तर पार्ट पितळेचा वाटतो, आणि क्वालिटीवाले ते लगेच पकडतात. पार्टवर कोरलेले नंबर आणि मागे भिंतीवर टांगलेली ड्रॉइंग्ज फ्रेममध्ये आहेत का तेही बघा. कंपनीशी गोपनीयतेचा करार असेल तर पोर्टफोलिओची परवानगी त्यातही लिहून घ्यावी लागते.

पैशांची तयारी मात्र काम मिळण्याआधीच करायची. ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, सरकारी पोर्टलवर आधारने मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. तो नंबर प्रत्येक कोटेशनवर आणि इन्व्हॉइसवर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. ‘आमच्याकडे ९० दिवसांची सिस्टिम आहे’ असं अकाउंट्सने सांगितलं तर हे शांतपणे मेलवर लिहा. तरीही हालचाल नसेल तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. हा आपला हक्क आहे, मागताना संकोच करू नका.

इन्व्हॉइसवर पीओ नंबर नसेल तर ते टेबलावरच पडून राहतं. कंपनीने कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर तुमच्या नावे चढला का ते दर तिमाहीला बघा. आणि फोटो सोपवताना वापराची मुदत जिथे संपते त्याच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी नूतनीकरणाचं कोटेशन पाठवायचं, सोबत वितरकांच्या साइटवर ते फोटो विनापरवाना फिरत असतील तर त्यांचे स्क्रीनशॉटही जोडायचे.