बारावीची परीक्षा संपताच शिष्यवृत्तीचं खातं तपासा

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज मंजूर होतो, पण पैसे येत नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असतं, विद्यार्थ्याचं बँक खातं आधारला 'सीड' झालेलं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलेलं, नसतं. पासबुकावर आधार नंबर छापलेला असला म्हणजे काम झालं, असं समजू नका.

१. मायआधारच्या संकेतस्थळावर मुलाचा आधार नंबर आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा. बंद असेल तर आधी आधार केंद्रात नंबर बदला.
२. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' आणि बरोबर बँकेचं नाव दिसलं पाहिजे. शिष्यवृत्ती त्याच बँकेत जमा होते, अर्जात दुसरं खातं लिहिलं तरी.
३. दिसत नसेल तर बँकेच्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.
४. दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवा.

उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडल्यावरच काढा, म्हणजे सरलेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यात येतं. निकालानंतर सेतूत रांग वाढते, त्याआधी उरकलेलं बरं. सोलापुरात अनेक घरांत आई विड्या वळते. तिचं विडी कामगार ओळखपत्र असेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची कामगार कल्याणाची योजनाही जरूर बघा.

जपायचं एकच: पैसे जमा होईपर्यंत दुसऱ्या बँकेत डीबीटीसाठी आधार सीड करू नका. सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं, नवीन केलं की जुनं सुटतं.