‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीतल्या काकूंचा पीसी बंद पडला. बटण दाबलं तरी पंखा हलेना, दिवाही लागेना. दुकानदाराने केबिनेट न उघडताच सांगितलं, ‘‘बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल.’’ काकू म्हणाल्या, ‘‘अरे, पैसे घालण्याआधी तू एकदा बघतोस का?’’

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, पीसीचे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मोठी पाटी. मी साइड पॅनल काढलं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातून पॉवर स्विचची बारीक वायर उपसली आणि उघड्या पडलेल्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला, मॉनिटर उजळला. बिघाड केबिनेटच्या बटणात होता. रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावून दिली. आता काकू रीसेटच्या बटणाने पीसी सुरू करतात.

‘बोर्ड गेला’ हा निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा असतो, आणि आपण तिथूनच सुरुवात करतो.

पीसी अजिबात हलत नाही आणि पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पहिलीत भिंतीतलं सॉकेट, पॉवर केबल, एसएमपीएसच्या (पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) मागचा स्विच आणि काकूंच्या पीसीवर केली तशी बटणाची तपासणी आधी करा. दुसरीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल बोर्डाला जोडलेली नाही ना, एवढं पाहा. ही चूक फार जण करतात.

मग रॅम, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीची कांडी. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोष इथे निघतो, त्यातही पुण्याच्या पावसाळी दमट हवेत. पीसीची वायर भिंतीतून काढा, केबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा आणि रॅम काढा. सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच घासा, पण बोर्डापासून लांब. चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवं दुखणं. परत बसवताना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. लोक इथे घाबरून अर्धवटच बसवतात. चार स्लॉट असतील तर एक कांडी सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते. डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढा वेळ थांबा, मध्येच बटण दाबू नका.

नवी जोडणी असेल तर बोर्डाला वीज देणारा २४ पिनी कनेक्टर लावून वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनी विसरला जातो. प्रोसेसरला वीज तिथूनच मिळते.

पंखा फिरतोय म्हणून एसएमपीएस ठणठणीत, हेही समजू नका. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी. खरी खात्री मात्र मित्राचा चालू एसएमपीएस लावून पाहिल्यावरच होते. एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज उरू शकतो.

बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल उतरला तर बहुधा घड्याळ मागे पडतं, सेटिंग पुसली जाते. तरी वायर काढून सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. बिघडलेल्या सेटिंगमुळे अडलेला बोर्ड कधीकधी एवढ्यानेच उठतो.

तरीही हलला नाही तर बोर्ड बाहेर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच कांडी लावून पाहा. पुठ्ठ्यावर चालला, तर केबिनेटमध्ये एखादा जादा स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा खुंटा, बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करत होता.

इथेही मुका राहिला, किंवा कपॅसिटर फुगलेत, जळका वास येतोय, तर बोर्डावर संशय घ्यायला जागा आहे. वॉरंटी संपली असेल तर नवा घेण्याआधी चिप लेव्हल काम करणाऱ्याला, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा. स्वतः सोल्डरिंग करणारे कपॅसिटरसाठी पुण्याच्या बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तापकीर गल्ली, गाठतात. वॉरंटी असेल तर बोर्ड देताना प्रोसेसरच्या सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण लावा आणि आतल्या पिनांचा फोटो दुकानातच, त्यांच्यासमोर काढा. पिन वाकलेली दिसली की दावा नाकारला जातो, आणि ती कुठे वाकली हे नंतर सिद्ध करता येत नाही.