रोजच्या वापरासाठी चाकू आणि मल्टी-टूल निवडताना

चाकू घेण्याआधी, गेल्या आठवड्यात आपण काय काय कापले, उघडले किंवा घट्ट केले ते आठवून पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत कुरिअरचे खोके, सुतळी, फळे, पाकिटे आणि एखादा सैल झालेला स्क्रू एवढेच निघते, आणि या कामांना सहा-सात सेंटिमीटरचे पाते पुरून उरते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनाही याहून मोठे पाते क्वचितच लागते. करवंदीच्या जाळीतून वाट काढणे हे कोयत्याचे काम आहे. ते घडीच्या चाकूकडून करून घेऊ नये.

सर्वांत बारकाईने पाहायची गोष्ट म्हणजे उघडलेले पाते कशाने स्थिर राहते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या, मिटल्यावर 91 मिलिमीटर भरणाऱ्या नेहमीच्या लाल चाकूत पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, त्यामुळे टोकाने भोक पाडताना किंवा पात्याच्या पाठीवर जोर पडल्यास ते मिटून बोटांवर येऊ शकते. ज्यांना असा जोर लावावा लागतो त्यांनी लॉक असलेलाच चाकू घ्यावा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंना, अगदी छोटे आकार सोडल्यास, 1955 पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारे धातूचे कडे असते. ते फिरवले की पाते अडकते. रचना साधी आणि भरवशाची आहे, परंतु मूठ लाकडी असल्याने आपल्या पावसाळ्यात ती फुगते आणि पाते उघडणे जड जाते. आषाढात गड चढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुकानात पाते पूर्ण उघडून, लॉक लावून, डावी-उजवीकडे हलकेच हलवून पाहावे. पाते ढिले जाणवले तर तो चाकू परत ठेवावा. मल्टी-टूल, म्हणजे पक्कड, पाते आणि इतर अवजारे एकत्र असलेले घडीचे साधन, असेल तर पक्कड मिटून उजेडासमोर धरावी: दोन्ही टोके नीट जुळत नसतील तर बारीक तार पकडता येणार नाही. कात्रीने प्लॅस्टिकची पातळ पिशवी कापून पाहावी, कारण हलक्या प्रतीची कात्री ती कापण्याऐवजी पात्यांच्या फटीत दुमडून घेते.

पक्कड खरोखर लागते का, हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवावा. सायकल किंवा मोटारसायकल स्वतः दुरुस्त करणाऱ्यांना लेदरमनसारखे पक्कड असलेले साधन मोलाचे आहे; मात्र त्याच कंपनीचे वेव्हसारखे पूर्ण आकाराचे मॉडेल सुमारे 240 ग्रॅम भरते आणि पँटच्या खिशात दिवसभर खटकते. इतरांना कात्री असलेला छोटा स्विस चाकू अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. हातोडी, कुऱ्हाड आणि चाकू एकत्र कोंबलेली स्वस्त साधने घेऊच नयेत. त्यांतले एकही अवजार धड काम करत नाही.

पोलादाच्या बाबतीत कार्बन स्टीलला धार लवकर आणि उत्तम लागते, पण कोकणच्या दमट, खारट हवेत ते पाहता पाहता गंजते. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्टेनलेस घ्यावे, धार थोडी लवकर गेली तरी चालेल.

कायद्याचेही भान हवे. शस्त्र नियमांतील पात्याच्या 9 इंच लांबीची आणि 2 इंच रुंदीची मर्यादा खिशातल्या चाकूला सहसा आड येत नाही. परंतु पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असताना, तसेच मिरवणुकीत किंवा सभेत, चाकू घरीच ठेवावा. विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून ठेवावा.

घेतल्यानंतर फळे कापून झाली की पाते धुऊन कोरडे करावे, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा, आणि धार लावताना पाते दगडाशी 15 ते 20 अंशांत धरून दोन्ही बाजूंनी सारखेच फिरवावे. कागदाची मोकळी कड न फाटता सरळ कापली गेली की थांबावे. त्यापुढे घासल्याने पाते विनाकारण झिजते.