ज्वारीच्या पानात सायनाइड 'शून्य' आलं, तर आधी नमुना तपासा

कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे सायनाइडची विषबाधा होते, हे वेगळं सांगायला नको. ज्यातून सायनाइड सुटतो ते ग्लुकोसाइड, म्हणजे धुरिन, पानाच्या बाह्यत्वचेतल्या पेशींच्या रिक्तिकेत असतं आणि त्याला फोडणारं एन्झाइम धुरिनेज आतल्या हिरव्या पेशींत. पान चावलं की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. प्रयोगशाळेत हीच गाठ तुमच्या नकळत, मोजणीच्या आधीच पडून जाते.

पानं ओव्हनमध्ये वाळवू नका. "आम्ही कायम असंच करतो" असं सीनियर म्हणाले तरी नाही. सावकाश वाळताना पेशी फुटतात, धुरिन तुटतं आणि सायनाइड उडून जातो. त्याचा उत्कलनबिंदू जेमतेम 26 अंश आहे. जास्त तापवलं तर एन्झाइम मरतं, धुरिन तसंच राहतं. दोन्हीकडे वाचन शून्य, कारणं मात्र उलटी. पान तोडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाका, मग फ्रीझ-ड्राय करा.

आता नेमकी मेख. प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या लावा. दोन्हींत 10 मिलिग्रॅम पूड आणि 0.1 मोलर सायट्रेट बफर, पीएच 5.5; दुसरीत शिवाय धुरिन फोडणारं बदामाचं बीटा-ग्लुकोसिडेज, म्हणजे एमल्सिन. सुटलेला सायनाइड अडकवायला आत छोट्या उघड्या कुपीत 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ठेवा, झाकण घट्ट लावा, 37 अंशांवर 20 तास. साध्या बाटलीतही सायनाइड आला, तर धुरिन आणि झाडाचं एन्झाइम दोन्ही शाबूत. फक्त एमल्सिनच्या बाटलीत आला, तर धुरिन आहे, एन्झाइम गेलंय. दोन्हींत नाही, तर धुरिन मुळातच नव्हतं किंवा आधीच संपलं; हे ठरवायला ताजं पान घेऊन पुन्हा करा. एकाच बाटलीवर "या वाणात सायनाइड नाही" असं लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाज. पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीत ग्लुकोसाइड आणि एन्झाइम यांची जनुकस्थानंच वेगळी आहेत. दोन्हींपैकी एक नसलं की चिरडलेल्या पानातून सायनाइड सुटत नाही. कसाव्याच्या लिनामरिन या ग्लुकोसाइडला एमल्सिन नीट फोडत नाही, तिथे त्याचं स्वतःचं एन्झाइम लिनामरेजच हवं.

शॉर्टकट एकच चांगला: पान गोठवून वितळवायचं आणि वर फायगल-अँगर कागद धरायचा. निळा डाग आला की सायनाइड आहे. शेकडो रोपं चाळायला उत्तम, आकडा मात्र देत नाही. पान ऑटोक्लेव्ह करून, अर्क अल्कलीत घेऊन 330 नॅनोमीटरला धुरिन तुटून झालेलं पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड वाचलं तर एकूण धुरिन कळतं. एन्झाइमबद्दल ती पद्धत काहीच सांगत नाही, त्यामुळे धुरिनेजच्या प्रबंधात तिच्यावर विसंबू नका.

पहिल्या काही खेपांना आकडे विस्कटलेलेच येतात, धीर सोडू नका. बहुतेक वेळा झाकण गळत असतं.

सुरक्षेत मात्र सूट नाही. सगळं फ्यूम हूडमध्येच करा. बदामासारखा वास अनेकांना येतच नाही, तेव्हा नाकावर भरवसा नको. सायनाइड ओळखणारा पिक्रेट कागद करत असाल तर पिक्रिक आम्ल कधीही कोरडं पडू देऊ नका, ते स्फोटक आहे. आणि कुपीतल्या अल्कलीत आम्ल अजिबात मिसळू नका. अडकवलेला सगळा सायनाइड तिथेच परत हवेत येतो.